अक्कांच्या ऑर्किडला पाणी कधी

प्रिय अक्का,

'प्रिय' लिहिलंय, पण त्यावर फार जाऊ नका. पत्राची रीत आहे म्हणून लिहिलं. धाकट्या जावेनं थोरलीला दुसरं काय लिहायचं?

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. माझी वैदेही उद्या बेंगळुरूहून येते आहे. पुरट्टासी महिन्यातला शनिवार आहे, तिरुनागेश्वरमला देवाला जायचंय, असं म्हणते. खरं काम वेगळंच आहे. गाडी घेऊन येते आहे ती. तुमच्या गच्चीवरच्या ऑर्किडच्या कुंड्या न्यायला! "आई, पेरिम्माच्या कुंड्यांचा तुला त्रास नको, मी घेऊन जाते," म्हणाली फोनवर. आईला भेटायला येते, असं एकदा तरी म्हणाली असती तर जीभ झडली असती का तिची?

पेरिम्मा. मोठी आई. थोरल्या काकूला इकडे तसंच म्हणतात, हे मला ठाऊक आहे हो. तुमच्या कुंभकोणमात अर्धं आयुष्य गेलं माझं. पण मी पडले वाईची. माझ्या कानाला 'मोठी आई' म्हणजे मोठी आईच. मग मी कोण? धाकटी आई? बदलीवरची?

तुम्ही जिवंत होतात तोवर हे बोलायची सोय नव्हती. भावजी लवकर गेले, तुम्हाला मूल नाही. वैदेही तुमच्या मांडीवर जाऊन बसली आणि मी तोंड वाकडं केलं असतं, तर सगळ्या घरानं मलाच नावं ठेवली असती. तुम्ही तरी कधी भांडलात का माझ्याशी? एकदा तरी? भांडला असतात तर मला उलट बोलता आलं असतं. तुम्ही आपल्या हसून, "काफी होणा का, सुमती?" विचारायच्यात आणि नेमकी तेव्हाच मला कॉफी हवी असायची. तुम्हाला कसं कळायचं ते? त्याचाच तर राग यायचा मला!

शाळेतून आली की पोर दप्तर फेकायची आणि धाडधाड जिना चढून वर. मी खाली ताट वाढून बसलेली. वर तुम्ही त्या हिरव्या जाळीखाली स्टुलावर, आणि ती तुमच्या पायाशी. कुंडीत काय होतं हो तुमच्या? विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणं. माती म्हणून नाही! त्यात ती लोंबती मुळं, जणू कुणाच्या दाढीचे केस. आणि त्या असल्या ध्यानासाठी माझी मुलगी जेवण सोडून वर जायची.

मग फूल यायचं. यायचंच मेलं. पांढरं शुभ्र, एका दांडीवर ओळीनं, आणि महिनोन् महिने सुकायचं नाव नाही. गल्लीतल्या मामी बघायला यायच्या. "अक्कांच्या हाताला गुण आहे," म्हणायच्या. मी त्यांच्यासाठी कॉफी करायची. माझ्या हाताचा गुण त्या तशाच पिऊन जायच्या, एक अक्षर न बोलता.

आणि आमचे हे! "अक्काकडून शीक जरा." जेवायला बसलं की हेच. अक्काकडून आमटी शीक, अक्काकडून शांत बसायला शीक. तिरुनागेश्वरमच्या देवाला बिनमिठाचा नैवेद्य चालतो, पण तुमच्या घरात माझी आमटी एक दिवस अळणी झाली तर तिचा विषय पुढच्या पंगतीपर्यंत पुरायचा. देवाला जमतं ते तुमच्या दिराला जमत नाही.

वैदेही नोकरीला बेंगळुरूला निघाली, तेव्हाचं आठवतं? स्टेशनवर मी चिवडा, लोणचं, औषधांची पिशवी, स्वेटर, सगळं लटकवून उभी. तुम्ही रिकाम्या हातानं आलात. नुसती एक लहानशी कुंडी आणलीत, तीही पदराआड. गाडी आली तशी पोरगी कुणाच्या गळ्यात पडली? माझ्याकडे वळली तेव्हा म्हणाली, "आई, एवढं कशाला, मी उचलू कशी?" त्या दिवशी घरी येऊन मी दोन वेळचं जेवले नाही. तुम्ही समजलात, पोर गेली म्हणून.

त्यानंतर तर काय, रोजचा फोन. तुम्हाला! मी बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसायची आणि आतून तुमचा आवाज यायचा. "आज घाल." "आज नको, थांब." "पाणी होणा झालं की कुंडीच सांगेल." मी म्हणायची, शिकवतायत. आपलं सगळं ज्ञान ओततायत पोरीच्या पदरात. मला कधी विचारलंत, सुमती, तुला शिकायचंय का? मी वर आले की म्हणायच्यात, "हात नको लावू हां." पाणी कधी घालायचं ते मी एकदा विचारलं होतं. आठवतं? तुम्ही हसलात. नुसत्या हसलात! मी परत विचारलं नाही. मलाही अभिमान आहे म्हटलं.

मग तुम्ही मासी महिन्यात एका सकाळी कॉफीचं डिकॉक्शन गाळता गाळता खाली बसलात आणि उठलाच नाहीत. ना दवाखाना, ना आजारपण. मला चार दिवस सेवा करू दिली असतीत तर काय बिघडलं असतं? सगळ्यांनी म्हटलं असतं, धाकटीनं केलं हो थोरलीचं. तीही संधी दिली नाहीत.

सुतकात शेजारच्या मामी येऊन तुळशीला पाणी घालून जायच्या. तुमच्या कुंड्यांची आठवण कुणाला झालीच नाही. सुतक फिटल्यावर मी गच्चीवर गेले तेव्हा वाटलं, गेली असतील वाळून. पण कुठलं काय! ठणठणीत. बघून मला आधी वैताग आला आणि मग दया आली. ह्यांना इतके दिवस कुणी विचारलंसुद्धा नाही!

तुमची सकाळ मी किती वर्षं पाहिली होती. आंघोळ, ओलं लुगडं, तांब्या, तुळशीला पाणी, प्रदक्षिणा. आणि तोच तांब्या घेऊन ऑर्किडजवळून जायच्यात, पण त्यांना एक थेंब नाही. नुसत्या वाकून बघायच्यात आणि पुढे. मला तेव्हा वाटायचं, काय बाई ही कंजुषी! म्हणून मी ठरवलं, आपण असं करायचं नाही. तुळशीला घातलं की उरलेलं ह्यांना. रोज, आंघोळ करून, सोवळ्यात, मनापासून. मी चक्क म्हणायची त्यांना, "प्या बाळांनो, पोटभर प्या. गेली तुमची सासू."

अक्का, मेली हो ती. एकेक करून मेली. पानं बुडाशी पिवळी, मग काळी, मग हात लावला की गळून हातात. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं! आडी महिन्यातल्या अठराव्या दिवशी गावातल्या बायका कावेरीला जातात तशी मीही गेले, भात नेला, हळदीचा दोरा बांधला आणि येताना घागरभर कावेरी घेऊन आले. म्हटलं, आजच्या दिवशी कुणी तहानलेलं राहू नये. संध्याकाळी सगळ्यांच्या डोक्यावरून ओतली. त्यात उरलेल्यांपैकी निम्मी गेली. कावेरीच्या पाण्यानं! सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?

तुमची झाडं माझ्यावर रुसून तुमच्यामागे चाललीत, असं वाटायला लागलं मला. खरंच वाटायचं. जिवंतपणी पोरगी नेलीत, आता झाडंही नेता!

हे एकदा वर आले, सडक्या कुंड्या बघितल्या आणि म्हणाले, "पोरीलासुद्धा तू असंच करतेस. श्वास घेऊ देत नाहीस." त्या दिवशी त्यांची कॉफी मी स्वयंपाकघरातच ठेवली. हवी असेल तर उठून घ्या म्हटलं.

मग चिडून मी सोडूनच दिलं. मरायचं तर मरा! वर जाणंच बंद केलं. बऱ्याच दिवसांनी कपडे वाळत घालायला गेले तर तुमची ती पांढरी तशीच उभी. मुळं मात्र चंदेरी झालेली, राखेच्या रंगाची. मला काय वाटलं कुणास ठाऊक, हातातल्या भांड्यातलं पाणी घातलं. आणि अक्का, ते मूळ माझ्या डोळ्यांदेखत हिरवं झालं! चंदेरीचं हिरवं. मी पिळे तसेच टाकून तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी हिरवं, तिसऱ्या दिवशी हिरवं, मग हळूहळू परत चंदेरी. हात लावून कुंडी उचलली तर हलकी लागली.

म्हणजे एवढंच होतं? वाकून एवढंच बघायच्यात? हिरवं असेल तर पुढे जायचं, चंदेरी झालं आणि कुंडी हलकी लागली की घालायचं, तेही सकाळी, शेंड्यात पाणी न साचू देता? हे एवढं सांगायला काय हो जात होतं तुमचं? दोन वाक्यं! दोन वाक्यांसाठी तुम्ही मला इतकी वर्षं जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलंत.

आणि वैदेहीला सगळं दिलंत. म्हणून तर ती उद्या येते आहे. दर रविवारी फोन करते, तासभर बोलते, पण कशाबद्दल? "आई, पांढरीला नवं पान आलं का? जांभळीचा कोंब कसाय?" मी सांगत बसते. माझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी, फोन ठेवता ठेवता. मी दर वेळी म्हणते, ने बाई त्या कुंड्या एकदाच्या. आता खरंच न्यायला येते तर मलाच ते नको झालंय. कुंड्या गेल्यावर ती फोन कशाला करेल मला? तुम्ही गेलात तरी ती तुमचीच आहे. मला ती माझी हवी आहे, अक्का. जरा तरी. लिहिलं एकदाचं.

उद्या तिच्यासाठी सुरळीची पोळी करायची आहे, तुमच्या पद्धतीची. माझ्या पद्धतीची ती खात नाही. आता बास.

*

सोमवार आहे. वैदेही गेली. पत्र अर्धंच राहिलं होतं, पुरं करते. तुम्हाला कळायलाच हवं काय झालं ते.

शनिवारी पहाटे आली, आंघोळ केली आणि ओल्या केसांनी सरळ वर. मी कॉफी घेऊन मागोमाग. मेलेल्या झाडांच्या कुंड्या मी धुऊन कोपऱ्यात पालथ्या रचल्या होत्या. तिनं त्या बघितल्या. पांढरीजवळ गेली आणि दोन्ही हातांनी कुंडी उचलून बघितली. अगदी तुमच्यासारखी! मान तशीच तिरकी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, बघा, हातसुद्धा तुमचेच घेतलेन् पोरीनं.

आणि मग ती बादलीजवळ गेली, तांब्या भरला आणि निघाली ओतायला.

"थांब!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या गच्चीवरची मामी वळून बघायला लागली. "आज नको."

"का? जड की हलकी, मला काही कळलंच नाही," म्हणाली.

"मग उचललीस कशाला?"

"पेरिम्मा उचलायची म्हणून."

अक्का! तिला येत नाही! तुमच्या लाडकीला पाणी कधी घालायचं ते ठाऊक नाही! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, हातातली कॉफी सांडायची राहिली. मी विचारलं, "अगं, पण रोज फोनवर शिकवायच्या ना तुला?"

"शिकवायची कुठली? मी कुंडीचा फोटो पाठवायची आणि ती सांगायची, आज घाल, आज नको. ती गेली आणि माझी कुंडी पंधरवड्यात सडली. कुणाला विचारणार होते मी?" मग म्हणाली, "मी एकदा तिच्यावर चिडले होते. म्हटलं, रोज रोज विचारायला काय लावतेस, एकदाच नेमकं सांगून टाक ना. तर हसली."

मला म्हणायचं होतं, हो, हसायच्याच त्या. पण वैदेहीचं बोलणं संपलं नव्हतं.

"म्हणाली, सांगितलं की तू फोन कशाला करशील? तुला आई आहे. आईला तू आपसूक करशील. मला कोण करणार?"

मी त्या पालथ्या कुंडीवर बसले, अक्का. 

म्हणजे तुम्हीसुद्धा? तुम्ही जळत होतात? माझ्यावर? तिच्या फोनसाठी पाण्याचं गुपित पदराला बांधून ठेवलंत, आणि मला सांगितलं नाहीत कारण मी त्याच क्षणी तिला सांगितलं असतं! सांगितलंच असतं मी, तेवढं ओळखायच्यात मला. आणि मी समजत होते, या घरात जळणारी मी एकटीच. बोलायचं तरी हो! दोघी मिळून जळलो असतो, समोरासमोर बसून, कॉफी पीत पीत. तुमच्या हातची.

मी रडले. वैदेहीला वाटलं, तुमच्या आठवणीनं. असेलही. मला नेमकं सांगता येत नाही.

नंतर ती म्हणाली, "कुंड्या राहू देत इथेच. तू दर फोनला ने ने करत होतीस म्हणून आले होते. माझ्या हातून मरतील. आणि खरं सांगू आई? तुला कशी आहेस विचारलं की तू 'बरी आहे' म्हणतेस आणि मला सतरा सूचना करून फोन ठेवतेस. झाडांचं विचारलं की तू बोलतेस." घ्या! म्हणजे रविवारचा तो तास माझ्यासाठीच होता, आणि मी तो तुमच्या खात्यावर मांडत होते. पण तो मिळाला तुमच्या झाडांमुळे, हे आहेच. तिथेही तुम्ही आहातच मधे! कुठं म्हणून पिच्छा सोडणार आहात का?

जांभळीचं एक रोप मात्र तिनं नेलं, परत एकदा करून बघते म्हणाली. गाडीत ठेवताना मला विचारलं, "आई, तू तर शिकलीस. सांग ना मला, नेमकं केव्हा घालायचं?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, दोन्ही वाक्यं जिभेवर होती. तिला काही सांगायचं असलं की मी कधी थांबले नाही आजवर, तुम्हाला माहीतच आहे.

म्हटलं, "ते असं सांगून कळत नाही. फोटो पाठव. मग बघू."

आज सकाळी फोटो आला. मुळं अर्धी चंदेरी, अर्धी हिरवी. खरं म्हणजे आज घातलं तरी चाललं असतं आणि नाही घातलं तरी चाललं असतं. मी चष्मा लावून दोनदा बघितला आणि फोन केला. म्हटलं, "आज नको. उद्या परत विचार."

तेव्हा हे वचन घ्या, अक्का, दुसरं काही मला देता येणार नाही. झाडं जगवीन, तुमची पांढरी फुलली की गल्लीतल्या मामींना कॉफीही करीन. पण पाणी कधी घालायचं ते मी पोरीला मरेपर्यंत सांगणार नाही.

तुमच्यावर अजूनही जळणारी,
तुमची धाकटी,
सुमती